कादंबरीकाराचा आडत्या : कोठे मिळतो, कोठे मिळत नाही

आपल्याकडे 'एजंट' हा शब्द फारशा चांगल्या अर्थाने घेतला जात नाही. विम्याचा एजंट दारात दिसला की लोक घरी नसल्याचा निरोप पाठवितात, आणि कचेरीबाहेर बसणाऱ्या एजंटाचे नाव निघाले की पहिला प्रश्न 'घेतो किती?' हाच असतो. परंतु व्यापारात उमर घालविलेल्या माणसाला ठाऊक असते की मधला माणूस नसता तर निम्मा बाजार बसला असता. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो मुख्यतः कापसासाठी. तेव्हापासून आपला बुलढाणा जिल्हा आडत्या, दलाल आणि पेढी या तिघांना चांगला ओळखून आहे.

आज आम्ही ज्या मालाविषयी लिहिणार आहोत तो कापूस नव्हे, कापडही नव्हे. तो माल आहे कादंबरी. चिखली, मेहकर, लोणार, मोताळा या भागांत लिहिणारी तरुण मुले-मुली आहेत, शिक्षक आहेत, शेती करून रात्री लिहिणारेही आहेत. त्यांच्यापैकी काहींनी आम्हाला विचारले, "तुम्ही व्यापारी आहात म्हणून विचारतो. विलायतेत म्हणे लेखकाला 'लिटररी एजंट' असतो. तोच पुस्तक विकतो आणि लेखकाचे पैसे वसूल करतो. असा माणूस आम्हाला कोठे मिळेल?" प्रश्न साहित्याचा असला तरी त्याचे उत्तर हिशोबाच्या वहीत आहे. म्हणूनच ते या पानावर देत आहोत.

एजंट म्हणजे कोण?

लंडनमध्ये १८७० च्या दशकात ए. पी. वॉट नावाच्या गृहस्थाने हा धंदा सुरू केला. लेखकाचे हस्तलिखित घ्यायचे, योग्य प्रकाशकाकडे न्यायचे, भाव ठरवायचा, करार करून द्यायचा आणि लेखकाला जे मिळेल त्यातून दहा टक्के आपली दलाली घ्यायची, अशी त्यांची रीत होती. आज इंग्रजी पुस्तकांच्या दुनियेत हा दर साधारण १५ टक्के आहे. परदेशी हक्क किंवा भाषांतराचे हक्क विकले तर तो २० टक्क्यांपर्यंत जातो.

यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. सुरत, भिवंडी किंवा इचलकरंजीचा माल आपल्या दुकानापर्यंत आणणारा दलाल बोलतो आपल्याशी गोड, पण त्याची दलाली बहुधा माल विकणाऱ्याकडून येते. म्हणून भाव ताणायची वेळ आली की तो कोणाच्या बाजूने बोलेल हे आपण ओळखून असतो. ज्याच्याकडून दलाली, त्याचा तो माणूस. साहित्याच्या एजंटाची दलाली लेखकाच्या उत्पन्नातून निघते, प्रकाशकाकडून नव्हे. तेव्हा तो लेखकाचा माणूस ठरतो. लेखकाला जास्त मिळाले तरच त्याला जास्त मिळते, आणि लेखकाला काहीच मिळाले नाही तर त्यालाही काही मिळत नाही. सगळ्या गोष्टीची किल्ली येथेच आहे.

विलायतेतील वाट

हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग यांचे उदाहरण पाहू. त्यांचे पहिले पुस्तक १९९५ साली लिहून झाले. त्यांनी सबंध हस्तलिखित प्रकाशकांच्या दारात नेऊन टाकले नाही. पहिली तीन प्रकरणे एजंटाकडे पाठविली. एका एजंटाने ती परत केली. दुसऱ्या एजंटाने, म्हणजे क्रिस्टोफर लिटल यांच्या कचेरीने, उरलेले हस्तलिखित मागविले. त्यानंतरही काम सोपे झाले नाही. बारा प्रकाशकांनी नकार दिला, तेव्हा कोठे ब्लूम्सबरी या प्रकाशन संस्थेने होकार दिला. १९९७ साली पुस्तक निघाले, त्याच्या पुठ्ठा बांधणीच्या पहिल्या छपाईच्या प्रती होत्या अवघ्या ५००.

यातून व्यापाऱ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, नमुना. कापडाचा दलाल सबंध गाठ घेऊन फिरत नाही, नमुन्याचे तुकडे घेऊन फिरतो. पहिली तीन प्रकरणे म्हणजे कादंबरीचा नमुना होय. दुसरी, बारा नकार सोसण्याचे काम लेखिकेच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी केले. एजंटाच्या दलालीत या फेऱ्यांची मजुरी धरलेली असते.

भारतातही इंग्रजीसाठी अशी पेढी उभी राहिली. १९९७ साली जयप्रिया वासुदेवन यांनी बंगळूरला 'जॅकरंडा' सुरू केली. पुढे जयपूरला मीता कपूर यांची 'सियाही' आणि दिल्लीत कनिष्क गुप्ता यांची 'रायटर्स साइड' या संस्था नावारूपास आल्या. त्यांचे काम मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचे आणि इंग्रजीत येणाऱ्या भाषांतरांचे आहे.

मराठीत एजंट का नाही?

कोणी म्हणेल, मराठी प्रकाशकांना एजंट नको असतो. कोणी म्हणेल, मराठी लेखकाला व्यवहार कळत नाही. आमच्या मते खरे कारण साध्या गुणाकारात आहे. वहीवर हिशोब मांडू.

समजा, कादंबरीची किंमत ३०० रुपये आहे. लेखकाचे मानधन, म्हणजे रॉयल्टी, १० टक्के धरू. एका प्रतीमागे ३० रुपये झाले. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची निघाली आणि सगळी खपली असे समजू, जरी नव्या लेखकाची आवृत्ती खपायला दोन-तीन वर्षे सहज लागतात. लेखकाला मिळाले ३०,००० रुपये. एजंटाची १५ टक्के दलाली झाली ४,५०० रुपये.

आता या ४,५०० रुपयांत एजंटाने काय काय करायचे? चारशे पानांचे हस्तलिखित वाचायचे, लेखकाकडून दुरुस्त्या करून घ्यायच्या, पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडे खेटे घालायचे, करार तपासायचा, आणि तीन वर्षे हिशोब मागत राहायचे. बुलढाण्याहून मुंबईच्या दोन फेऱ्यांतच ही दलाली संपून जाईल. वर्षाला अशा वीस कादंबऱ्या विकल्या आणि वीसही खपल्या तरी ९०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ७,५०० रुपये पडतात. एवढ्यात कोणाचे घर चालणार? इंग्रजीत बाजार मोठा असतो, आगाऊ रक्कम मिळते, एकाच पुस्तकाचे हक्क चार देशांत विकता येतात. म्हणून तेथे मधल्या माणसाचे पोट भरते. मराठीत माल कमी प्रतीचा आहे असे मुळीच नाही. उलाढाल लहान आहे, म्हणून मधल्या माणसाला जागा नाही.

हा हिशोब समजला की दोन गोष्टी आपोआप उलगडतात. एक, मराठी कादंबरीकाराला आपला आडत्या आपणच व्हावे लागते. दोन, मराठीत 'मी तुमचा एजंट' असे सांगत जो आधी पैसे मागतो, त्याची कमाई पुस्तक विकण्यात नसून तुमच्या खिशात आहे.

आपल्याच जिल्ह्यातील दाखला

बुलढाण्यात बसून लिहिलेले पुस्तक दूरवर जात नाही, ही समजूत आधी काढून टाकली पाहिजे. सदानंद देशमुख हे चिखली तालुक्यातील अमडापूरचे. शिकलेल्या शेतकरी पोराची आणि त्याच्या घराची घसरण सांगणारी त्यांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ साली पुण्याच्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनाने काढली. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. पुढे ती भाषांतरित होऊन मराठीबाहेर गेली, आणि २०१२ साली धीरज मेश्राम यांनी तिच्यावर चित्रपट केला.

आम्हाला यात साहित्याचा मोठेपणा दिसतो तसा व्यवहाराचा धडाही दिसतो. कादंबरी एक, पण त्यातून निघणारे हक्क किती? मराठी पुस्तकाचा हक्क, हिंदी भाषांतराचा, इंग्रजी भाषांतराचा, चित्रपटाचा, आणि आजच्या काळात ध्वनिपुस्तक व ई-पुस्तकाचाही. एका ताक्यातून सदरा निघतो, चादर निघते, उरलेल्या तुकड्यातून पिशवी निघते, आणि प्रत्येकाचा भाव निराळा असतो. सदऱ्याच्या भावात सबंध ताका देणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही. परंतु आपल्याकडील नवे लेखक पहिल्या पुस्तकाच्या आनंदात नेमके हेच करून बसतात.

आपला आडत्या आपण : काम कसे करावे?

पहिले काम, माल पुरा तयार करावा. अर्धी कादंबरी दाखवून प्रकाशकाला विचारू नये. हस्तलिखित युनिकोडमध्ये टाइप केलेले असावे. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर बिघडतो आणि प्रकाशकाकडे काम वाढते. मूळ प्रत आपल्याकडे ठेवावी.

दुसरे काम, गिऱ्हाईक ओळखावे. लग्नाचा शालू विकणाऱ्याकडे शाळेच्या गणवेशाचे कापड कोणी नेत नाही. जिल्हा ग्रंथालयात किंवा गावच्या वाचनालयात जावे, आपल्या कादंबरीशी नाते सांगणारी दहा पुस्तके काढावीत आणि प्रत्येकाच्या आतल्या पानावर प्रकाशकाचे नाव पाहावे. दोन तासांत पाच-सहा नावांची यादी तयार होते. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात हेच प्रकाशक प्रत्यक्ष भेटतात. तेथे हस्तलिखित हातात कोंबू नये. नवे लेखन कसे स्वीकारता, एवढेच विचारावे.

तिसरे काम, आधी बाजारात नाव करावे. दिवाळी अंकात किंवा चांगल्या नियतकालिकात एखादी कथा, कादंबरीचे एखादे प्रकरण छापून आले की संपादक आणि प्रकाशक दोघांच्या नजरेस आपण येतो. इतर ठिकाणी एजंट जी शिफारस करतो, ती मराठीत बऱ्याच अंशी दिवाळी अंकांनी केली आहे.

चौथे काम, नमुना पाठवावा. एका पानाचे पत्र, दोन पानांत कथासार आणि पहिली तीन प्रकरणे पुरेशी होतात. पत्रात आपण कोण, कादंबरी कशाविषयी आहे, अंदाजे किती शब्दांची आहे आणि आधी काय छापून आले आहे, एवढेच लिहावे. 'समाजाला दिशा देणारी अजोड कलाकृती' असे स्वतःच लिहू नये. कापड चांगले असेल तर हात लावताच कळते. स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती जपून ठेवावी. तीन-चार महिने थांबून एकदा सौम्य शब्दांत विचारणा करावी. नकार आला तर यादीतील पुढच्या नावाकडे वळावे.

पहिल्याच पुस्तकासाठी आणखी एक दार आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. ज्यांचे एकही पुस्तक निघालेले नाही त्यांनी मंडळाची जाहिरात केव्हा निघते यावर लक्ष ठेवावे.

पैसे भरून छापणारे

आमच्या माहितीतील एका शिक्षकाने आपल्या कादंबरीसाठी एका 'प्रकाशका'ला ६०,००० रुपये दिले. जाहिरात होईल, राज्यभर दुकानांत पुस्तक लागेल, पुरस्काराला पाठविले जाईल, असे तोंडी शब्द मिळाले. पाच महिन्यांनी ५०० प्रतींचे खोके घरी आले. दुकानांत पुस्तक लागले नाही. प्रती भेट देऊन संपल्या, उरलेल्या पलंगाखाली गेल्या. सर्वांत मोठे नुकसान पुढे कळले. एका नाटक मंडळीला त्या कादंबरीवर नाटक करायचे होते, तेव्हा सही केलेल्या कागदात 'सर्व हक्क' प्रकाशकाकडे दिल्याचे आढळले. पैसेही लेखकाचेच गेले आणि मालही लेखकाच्या हातून गेला.

स्वतःच्या पैशाने पुस्तक छापणे वाईट नाही. तो उघड व्यवहार असेल तर जरूर करावा. छपाईवाल्याकडून कागद, बांधणी, प्रती यांचा लेखी भाव घ्यावा, आणि पुस्तकाचे सर्व हक्क स्वतःकडे ठेवावेत. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन क्रमांक भारतात सरकारी यंत्रणेकडून विनाशुल्क मिळतो आणि लेखकालाही तो स्वतः मागता येतो. त्या क्रमांकाचे हजारो रुपये कोणी मागत असेल तर तो कसला भाव लावतो आहे हे ओळखावे. छपाईवाल्याला छपाईचे पैसे द्यावेत. परंतु जो स्वतःला प्रकाशक म्हणवतो त्याने मालावर आपले भांडवल लावले पाहिजे.

कागदावर काय पाहावे?

एजंट नसल्यामुळे करार वाचण्याचे काम लेखकावरच येते. १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बरेच काही सांगतो. त्यातील कामाच्या गोष्टी अशा :

१. लिहिताक्षणी कॉपीराइट लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. मात्र वाद उद्भवल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते.

२. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. तोंडी शब्दाने हक्क जात नाहीत.

३. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे करारात नमूद असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरते धरले जातात.

४. ज्याने हक्क घेतले त्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळे लिहिलेले नसल्यास ते हक्क परत येतात.

५. कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे ही मिळकत मुलांची आणि नातवंडांचीही आहे. शेताचा तुकडा विकताना घरात चार वेळा विचार होतो. येथेही तो व्हावा.

आमचा सल्ला असा की, प्रकाशकाला मराठी पुस्तकाचा हक्क ठरावीक मुदतीसाठी द्यावा. भाषांतर, चित्रपट, नाटक आणि ध्वनिपुस्तक यांचे हक्क शक्यतो स्वतःकडे ठेवावेत. प्रकाशक ते मागत असेल तर त्यातून येणाऱ्या रकमेत लेखकाचा वाटा किती, हे आकड्यात लिहून घ्यावे. किती प्रती छापल्या, किती खपल्या, याचा हिशोब वर्षातून एकदा लेखी मिळेल असे कलम असावे. आडत्या शेतकऱ्याला पट्टी देतो, मग लेखकाला पट्टी का नको? सहीपूर्वी बुलढाण्यातील किंवा तालुक्यातील एखाद्या वकिलाला कागद दाखवावा. प्रामाणिक प्रकाशक यावर रागावत नाही.

एजंट खरोखर केव्हा लागतो?

कादंबरी इंग्रजीत आणि परदेशात न्यायची असेल तेव्हा. दया पवार यांचे 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ साली आले आणि जेरी पिंटो यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले २०१५ साली. मध्ये ३७ वर्षे गेली. मराठी पुस्तकाला इंग्रजीची वाट बहुधा भाषांतरकाराच्या आवडीतून मिळते. म्हणून चांगला भाषांतरकार हा मराठी लेखकाचा पहिला एजंट समजावा.

शेजारच्या कर्नाटकातील ताजा दाखला आणखी स्पष्ट आहे. हासन येथील वकील आणि लेखिका बानू मुश्ताक यांच्या घरची भाषा उर्दू, शिक्षण आणि लेखन कन्नडमध्ये. तीसेक वर्षांत लिहिलेल्या त्यांच्या कथांतून बारा कथा निवडून दीपा भास्ती यांनी त्या इंग्रजीत आणल्या. दिल्लीच्या कनिष्क गुप्ता यांनी एजंट म्हणून काम पाहिले. इंग्लंडमधील अँड अदर स्टोरीज या लहानशा प्रकाशन संस्थेने 'हार्ट लॅम्प' नावाने तो संग्रह काढला, आणि २०२५ साली त्याला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. पुरस्काराचे ५०,००० पौंड लेखिका आणि भाषांतरकार यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. क्रम लक्षात घ्यावा. आधी स्वतःच्या भाषेत वर्षानुवर्षे लेखन, मग भाषांतरकार, मग एजंट, मग परदेशी प्रकाशक. एजंट या साखळीत तिसऱ्या जागी आहे. पहिली जागा रिकामी ठेवून तिसरी भरता येत नाही.

अशा एजंटाकडे जाताना भाषांतराची पन्नासेक पाने, पुस्तकाचा सारांश आणि मराठीत त्याचे काय झाले याची माहिती पाठवावी. मात्र ते पाठविण्याआधी इंग्रजी हक्क आपल्याच हातात आहेत ना, हे पाहावे. पहिल्या करारात ते देऊन टाकले असतील तर एजंटापाशी विकायला काहीच उरत नाही.

खरा एजंट ओळखण्याच्या खुणा थोड्या आहेत. तो वाचण्याचे पैसे मागत नाही. त्याने विकलेली पुस्तके दुकानात पाहायला मिळतात. प्रकाशकाकडून आलेली रक्कम त्याच्या हातून जाते, म्हणून दलाली कापून उरलेले किती दिवसांत देणार हे तो लिहून देतो. आणि तो नकारही देतो. जो प्रत्येक हस्तलिखिताला 'उत्तम' म्हणतो तो माल पाहत नाही, गिऱ्हाईक पाहतो.

आमच्या तरुण लेखक बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे. मराठीत एजंट नाही म्हणून अडून बसू नका. यादी करा, नमुना पाठवा, पावत्या जपा, करार वाचा. हे काम कादंबरी लिहिण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. आणि ज्या दिवशी पहिला प्रकाशक होकार देईल, त्या दिवशी आनंदात सही करण्याची घाई न करता कागद एक रात्र घरी आणा.